माशांसाठी चकली

श्यामलाबाईंनी चकलीचं यंत्र विकायला काढलं तेव्हा घरात कोणी "का" म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचा ताप लवकर उतरला, पण वास गेला तो परत आला नाही. पाठोपाठ चवही गेली. मीठ काय आणि साखर काय, जिभेला सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल. केव्हा, ते म्हणाले नाहीत.

तोवर नारायण पेठेत आणि आसपास त्यांच्या चकलीचं नाव होतं. दिवाळीच्या महिनाभर आधी लोक फोन करून नंबर लावत. त्या वर्षीही त्यांनी चकली केली. हाताला अंदाज होता, आणि चाखायला घरात श्यामसुंदरराव होते. हे त्यांचे यजमान, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. ते चाखून "छान" म्हणाले, डबे गेले. पुढच्या दिवाळीला निम्मे फोन आलेच नाहीत. एकीला डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलं होतं, दुसरीची सून घरीच करणार होती, तिसरी नेमकी त्या सुमारास केरळला निघाली होती. त्यापुढच्या वर्षी फोन पूर्णच थांबले. कोथरूडला राहणारी लेक, स्वराली, मात्र दर वेळी म्हणे, "आई, तुझ्या हातची चव ती तुझ्याच हातची." डबा इतका घासूनपुसून परत येई की आतलं कोणी खाल्लं की कचऱ्यात गेलं, ते कळायला मार्ग नसे.

फटकळपणासाठी गाजलेलं हे शहर. चौकात गाडी चुकीची लावली तर सात पिढ्यांचा उद्धार करणारी माणसं. त्यांतल्या एकालाही खरं बोलावंसं वाटलं नाही, तेही नेमकी गरज होती तेव्हा.

चकली बिघडली याचं श्यामलाबाईंना फार दुःख नव्हतं. बिघडू शकते. पण काय बिघडलं ते कोणी सांगेना. मीठ, तेल, भाजणी, की हातच गेला? चूक कळली असती तर त्यांनी ती दुरुस्त केली असती. आपल्या हातात अजून काही उरलंय की नाही, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते सांगणारं माणूस मिळत नव्हतं. शेवटी, हात गेलाच असं धरून त्या यंत्राला गिऱ्हाईक शोधायला मार्केट यार्डात गेल्या.

तिथे शमशुद्दीनभाईंचं भुसाराचं आणि पेंडीचं दुकान होतं. चकलीचे तांदूळ आणि डाळी श्यामलाबाई वर्षानुवर्षं तिथूनच नेत. त्या दिवशी गल्ल्यावर त्यांची मुलगी, उम्मेहानी, बसली होती. हाताने फिरवायचं, मोठ्या नळीचं यंत्र आहे, कोणी घेईल का, असं श्यामलाबाईंनी विचारलं.

"काकू, मी घेते," उम्मेहानी म्हणाली. "माशांसाठी."

मग खुलासा झाला. लोणी काळभोरला अब्बांचा जमिनीचा तुकडा होता, तिथे तिने खड्डा खणून, प्लॅस्टिक अंथरून तळं केलं होतं आणि रोहू-कटल्याची बोटाएवढी पिल्लं सोडली होती. कंपनीचं खाद्य परवडत नव्हतं. शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा दुकानातच होता, मक्याचं पीठ होतं, सुकटाची भुकटी मिळत होती. घरीच खाद्य करायचं तिने ठरवलं होतं.

"मासे चकली खातात?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"चकली नाही, पण प्रोसेस सेम आहे, काकू. पीठ भिजवायचं, उकड काढायची, शेवेसारखं पाडायचं, वाळवून तुकडे करायचे. मी यूट्यूबवर बघून केलं, पण जमतच नाही. कधी दगड होतो, कधी चिखल."

"आणि माशांना आवडलं नाही तर? ते कळतं?"

"लगेच कळतं. परातीत खाद्य ठेवून परात दोरीने पाण्यात सोडायची आणि नंतर वर काढायची. आवडलं नाही तर तसंच राहतं."

"म्हणजे तोंडदेखलं खात नाहीत."

"मासे? नाही, काकू."

श्यामलाबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "नुसतं यंत्र नेऊन उपयोग नाही. पीठ हाताला कळावं लागतं. मी येते दाखवायला."

घरी ही बातमी फारशी चांगल्या तऱ्हेने घेतली गेली नाही.

"सुकट? आपल्या घरात?" श्यामसुंदररावांनी पेपर खाली ठेवला.

"घरात नाही. गंज पेठेत, त्यांच्या गच्चीवर."

"पण तू हात लावणार?"

"हात धुता येतात."

"आणि वास?"

"मला येत नाही. तुम्हाला येतो, म्हणजे अडचण तुमची आहे."

श्यामसुंदररावांची सगळी नोकरी विम्याचे दावे तपासण्यात गेली होती. कोणता दावा टिकणार नाही हे त्यांना चटकन कळे. त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. मासे मोठे झाल्यावर कुठे जाणार, हा विषय दोघांनीही काढला नाही.

गंज पेठेतल्या गच्चीवर काम सुरू झालं. उम्मेहानीने नाकावर ओढणी बांधली होती, तरी तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. श्यामलाबाई सुकटाच्या भुकटीत कोपरापर्यंत हात घालून शांत बसल्या होत्या. त्यांनी पेंड चाळून घेतली, तीत कोंडा, मक्याचं पीठ आणि भुकटी मिसळली. गॅसवरचं कढलं उचलून कडकडीत तेल पिठावर ओतलं, चुर्र झालं, ते पिठाला दोन्ही हातांनी चोळलं, मूठ वळून पाहिली आणि मग कोमट पाण्याने भिजवलं. उकड काढून, मळून, यंत्रातून पाडली. चादरीवर तपकिरी शेवेच्या रांगा लागल्या. रांगा अगदी सरळ होत्या. सांगितलं नसतं तर त्या माशांसाठी आहेत असं वाटलं नसतं.

शेवेने दोन उन्हं खाल्ल्यावर श्यामलाबाईंनी एक काडी कानाशी धरून मोडली. जीभ गेल्यापासून त्यांचा भरवसा कानावर होता. काडी हलकेच मोडली आणि तिचा भुगा पदरावर पडला.

"खुसखुशीत झालीय," त्या म्हणाल्या. उम्मेहानी काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काकू, परात एकदम रिकामी. सगळं फस्त केलं."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही परात रिकामी आली. म्हणून खाद्य वाढवलं, तरीही रिकामीच. श्यामलाबाईंचं चालणं बदललं. त्या पुन्हा सकाळी मंडईत जाऊ लागल्या, भाजीवाल्याशी पूर्वीसारख्या भांडू लागल्या. त्यांच्या हातचं कोणीतरी कौतुक न करता संपवत होतं, आणि कौतुकाचा त्यांना पुरता वीट आला होता. त्या खूश होत्या. श्यामसुंदररावांना तर त्या एकदा स्वतःहून म्हणाल्या, "निदान माशांना तरी कळतं."

मग फोन लांबले. नवं खाद्य करायला कधी येऊ, असं श्यामलाबाईंनी विचारलं तेव्हा उम्मेहानी म्हणाली, "सध्या नको, काकू. हवा ढगाळ आहे ना, मासे कमी खातात. बाकी तुमचं खाद्य बेस्टच आहे."

हा सूर श्यामलाबाईंच्या ओळखीचा होता. तळलेलं बंद झालेल्या बाईचा आणि केरळला निघालेल्या बाईचा हाच सूर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोणीची बस धरली. श्यामसुंदरराव बरोबर निघाले. उन्हाचं एकटीने जाऊ नये, असं कारण त्यांनी दिलं.

तळ्यावर राखणीला गेनबा होता. श्यामलाबाई कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि काय सांगायचं नाही, हेही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"मासं मरत्यात की," तो म्हणाला. "पहाटं समदी वर येऊन तोंड वासत्यात. काल बी घमेलंभर काढली. पाणीच नासलंय. वास केवढा मारतुय बघा, तुमाला येत न्हाई व्हय?"

"नाही," श्यामलाबाई म्हणाल्या.

श्यामसुंदरराव नाकाला रुमाल लावून बाभळीखाली जाऊन बसले. श्यामलाबाईंनी पाण्याकडे पाहिलं. ते हिरवट, जाड दिसत होतं आणि त्यावर तेलकट रंग तरंगत होते. इतक्यात उम्मेहानी स्कूटरवरून आली. श्यामलाबाईंना पाहून तिचा चेहरा उतरला.

"काकू, गरमीमुळे होतं असं कधी कधी. खाद्याचा काही..."

"परात आण," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि थोडं खाद्य."

त्यांनी परात स्वतः पाण्यात सोडली. मासे यायला वेळ लागतो, गेनबा म्हणाला. "माहीत आहे," असं म्हणून त्यांनी परात लगेच वर ओढली. एकही मासा फिरकला नव्हता, तरी परातीत काड्या उरल्या नव्हत्या. तळाशी थोडा गाळ होता, आणि बाकीचं परात वर येता येता पाण्याबरोबर वाहून गेलं होतं. इतके दिवस रिकामी परात येत होती ती अशी. मासे उपाशीच होते. खाद्य पाण्यात विरघळत होतं, तळाशी कुजत होतं, आणि माणसं खूश होऊन आणखी टाकत होती.

श्यामलाबाईंनी पिशवीतली एक कोरडी काडी घेतली आणि बोटांत चिरडली. तिचा पुन्हा भुगा झाला. त्या काठावरच्या दगडावर बसल्या.

"मी मोहन घातलं," त्या म्हणाल्या.

चकलीच्या पिठात कडकडीत तेलाचं मोहन घालतात ते ती तोंडात विरघळावी म्हणून. श्यामलाबाईंचा हात इतक्या वर्षांत न विचारता कढल्याकडे जाई. पीठ म्हटलं की मोहन आलंच. ते वेगळं घालायचं असतं हेसुद्धा त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. पण तळ्यात तोंडाच्या आधी पाणी लागतं, आणि विरघळायचं ते तिथेच विरघळतं.

"तू समोर होतीस ना, मी तेल ओतलं तेव्हा?"

"हो, काकू."

"तुझ्या कृतीत होतं?"

उम्मेहानीने मान खाली घातली. "नव्हतं. पण तुम्ही इतकी वर्षं करताय. तुम्हाला मी कसं सांगणार?"

"इतकी वर्षं चकली करतेय. माशांचं कधी केलं होतं?" श्यामलाबाईंचा आवाज चढला. "आणि ते मरायला लागले तेव्हा? तेव्हाही नाही सांगितलंस. ढगाळ हवा म्हणे."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू द्यायचं होतं."

त्यांना राग आला होता, खराच आला होता. मेलेल्या माशांचं वाईटही वाटत होतं. पण त्याखाली त्यांना कितीतरी बरं वाटत होतं, आणि ते त्यांनी स्वतःशी कबूल केलं. काय चुकलं ते कळलं होतं. चूक होती, तिला नाव होतं, आणि ती दुरुस्त करता येत होती.

खाद्य बंद झालं. तळ्यातलं बरंच पाणी उपसून बोअरचं ताजं पाणी सोडलं. राहिलेले मासे पहाटे वर यायचे थांबले, तेव्हा श्यामलाबाई पुन्हा गंज पेठेत गेल्या.

"आता वाईट चकली करायची," त्या उम्मेहानीला म्हणाल्या. "आमच्या सासूबाई करायच्या तशी. मोहन नाही, मळणं भरपूर, उकड दाबून. त्यांच्या चकलीने आमच्या एका पाहुण्याची कवळी दुभंगली होती. आणि हे बघ, माझं काही चुकतंय असं वाटलं तर हात धर. शब्दशः धर."

हे घरी सांगितल्यावर श्यामसुंदरराव आईच्या बाजूने काहीतरी बोलायला म्हणून सरसावले. मग त्यांना ती चकली आठवली आणि ते गप्प बसले.

त्या दिवशी श्यामलाबाईंचा हात दोनदा कढल्याकडे गेला. दुसऱ्या वेळी उम्मेहानीने तो खरंच धरला. पीठ चिवट झालं, यंत्र फिरवताना दोघींचे खांदे भरून आले. वाळलेली काडी कानाशी मोडायला गेल्या तर ती वाकली, ताणली आणि मग कट् करून मोडली. पुण्यात कोणी अशी चकली हातात ठेवली असती तर श्यामलाबाईंनी ती परत केली असती.

लोणीला जाताना त्यांनी एक सोडून दोन पराती घेतल्या. एक उघडी ठेवली. दुसरीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधली, म्हणजे पाणी आत जाईल पण मासा जाणार नाही. दोन्हींत सारखंच खाद्य घातलं.

"ही कशाला?" उम्मेहानीने विचारलं.

"नुसती रिकामी परात मला आता पटायची नाही. पाण्याने खाल्लं की माशांनी, ते वेगळं कळलं पाहिजे."

दोन्ही पराती शेजारी शेजारी पाण्यात सोडल्या. श्यामसुंदरराव या वेळी बाभळीखाली गेले नाहीत. हवेला वास राहिला नव्हता, आणि त्यांनाही बघायचं होतं. थोड्या वेळाने पाणी हललं. सोडताना पाण्यावर सांडलेल्या काड्यांपाशी गोल तोंडं आली आणि चपचप असा आवाज येऊ लागला. जेवताना असा आवाज केला म्हणून श्यामलाबाईंनी स्वरालीला लहानपणी कितीतरी वेळा दटावलं होतं. आत्ता त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या.

उघडी परात वर आली ती रिकामी.

"काकू, परफेक्ट!" उम्मेहानी म्हणाली.

"तू बोलू नकोस. दुसरी काढ."

जाळीखालच्या काड्या फुगल्या होत्या, पण अख्ख्या होत्या. एकही विरघळली नव्हती. श्यामलाबाईंनी त्या बोटांनी दाबून पाहिल्या. मग जाळी सोडली आणि परात तशीच पाण्यात रिकामी केली. त्याही काड्या माशांनी गिळल्या. श्यामलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि घाम आलाय असं सांगितलं. गेनबा म्हणाला, घाम येन्यागत ऊनच न्हाई. त्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

परतीच्या बसमध्ये त्या डोळे मिटून बसल्या. श्यामसुंदररावांना वाटलं, दमल्या असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसल्यावर श्यामलाबाईंनी यजमानांच्या ताटात आमटीची वाटी ठेवली आणि स्वतः पोळी आणायला ओट्याकडे वळल्या. श्यामसुंदररावांनी एक घोट घेतला. त्यांचा डावा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"कशी झालीय?" श्यामलाबाईंनी वळून विचारलं.

हात खिशातच थांबला. "छान झालीय. नेहमीसारखी."

श्यामलाबाईंनी दुसरी वाटी आणून पहिलीच्या शेजारी ठेवली. "आता ही बघा."

श्यामसुंदररावांनी दुसऱ्या वाटीतली आमटी चाखली. आणि त्यांचा चेहरा, जो तीन वर्षं सांभाळला होता, तो एका घोटात हातचा गेला.

"हिच्यात मीठ आहे," श्यामलाबाई म्हणाल्या. "पाव चमचा, चमच्याने मोजून. पहिलीत घातलेलंच नाही. मीठ नाही, चिंच नाही, गूळ नाही."

श्यामसुंदररावांनी दोन वाट्यांकडे पाहिलं. जाळीची परात त्यांच्या डोळ्यांसमोर आली असावी, कारण त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक छोटी बाटली काढली आणि ताटाशेजारी ठेवली. तिच्यात बारीक मीठ होतं.

"मला वाटत होतं पित्तावरच्या गोळ्या आहेत," श्यामलाबाई म्हणाल्या.

"तू आजारातून उठली होतीस. कसं सांगणार?"

"चकलीत काय चुकलं होतं?"

"आता कशाला तो विषय?"

"मला हवाय. काय चुकलं होतं?"

श्यामसुंदररावांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. "मीठ दुप्पट पडलं होतं. एकदा घालून विसरलीस आणि पुन्हा घातलंस, असं वाटतं. मी एक खाल्ली आणि दिवसभर पाणी पीत होतो."

"आणि बाकी?"

"बाकी काय?"

"भाजणी? तळण? मोहन?"

"बाकी सगळं नेहमीसारखं," श्यामसुंदरराव म्हणाले. हे सांगायला त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत, कारण हे खरं होतं. "इतकी खुसखुशीत की हातात घेतली तर मोडत होती."

"नुसतं मीठ."

"नुसतं मीठ."

श्यामलाबाई खुर्चीवर बसल्या. दोन दिवाळ्या वाया गेल्या होत्या, यंत्र विकलं होतं, हात गेला असं धरून चालल्या होत्या, आणि गेला होता तो एक जास्तीचा मिठाचा चमचा. त्यांना रडू आलं, आणि या वेळी त्यांनी घामाचं नाव सांगितलं नाही. श्यामसुंदरराव समोर बसून राहिले. "होईल ठीक" म्हणायची आता सोय उरली नव्हती.

मग डोळे पुसून त्या उठल्या. मिठाची बाटली त्यांनी ओट्यावर, इतर डब्यांच्या रांगेत ठेवली.

"जेवण झालं की माळ्यावरचा छोटा सोऱ्या काढा. मोठं यंत्र माशांना गेलं, पण घरापुरतं त्याच्यात होईल. मीठ तुम्ही चाखायचं. आणि जे असेल ते तोंडावर सांगायचं."

श्यामसुंदरराव जेवण उरकून स्टुलावर चढले. माळ्यावर बराच वेळ खडखडाट झाला. शेवटी जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेला पितळी सोऱ्या घेऊन ते वाकले आणि तो उजेडात धरून त्यांनी नीट पाहिला. "ठीक आहे" हे शब्द त्यांच्या तोंडाशी आले होते.

"फार हिरवा पडलाय," ते वरून म्हणाले. "भयंकर दिसतोय. एका घासण्यात निघायचा नाही."

"बरं," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि चिंच भिजत घातली.